कास्टिंग म्हणजे नेमकं काय टाकायचं?

कोल्हापुरात कुणी ‘मी कास्टिंगचं काम बघतो’ म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: लोखंडाचं की पिक्चरचं? शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात कास्टिंग म्हणजे भट्टीतून ओतून काढलेला लोखंडी भाग. त्याच गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. आजही तिथे मालिकांची चित्रीकरणं चालतात, आणि तिथे कास्टिंग म्हणजे कुठली भूमिका कुणाला द्यायची ते ठरवणं. याशिवाय बिल्डर स्लॅबचं कास्टिंग म्हणतो, दवाखान्यात हाताला कास्ट घालतात, सोसायटीच्या सभेत अध्यक्षांचं कास्टिंग व्होट निघतं आणि संगणकवाले टाइप कास्टिंग करतात. शब्द एकच, पण कामं अशी की एकाचा माणूस दुसऱ्याच्या जागी उभा केला तर त्याला काहीही सुचणार नाही.

शब्दाचं मूळ मात्र साधं आहे. जुन्या नॉर्स भाषेत ‘कास्टा’ म्हणजे फेकणं. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांबरोबर तो इंग्रजीत आला आणि तिथे पसरला. मराठी माणसाला हा पसारा समजायला जड जाऊ नये, कारण आपलं ‘टाकणे’ हे क्रियापद जवळपास त्याच वाटेने गेलं आहे. आपण जाळं टाकतो, गळ टाकतो, नांगर टाकतो, फासे टाकतो, मत टाकतो, नजर टाकतो. साप कात टाकतो. स्लॅबही आपण ‘टाकतो’च. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘कास्ट’ चालतं. धातूपुरती मराठीने वेगळी सोय केली आहे: ‘ओतणे’. ओतीव, ओतकाम, ओतारी हे शब्द त्यातूनच आले.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे आणि ती नीट लक्षात घेतली तर बाकीचं आपोआप उलगडतं. टाकायचा क्षण लहान असतो, आणि एकदा टाकलं की दुरुस्तीला वाव जवळजवळ नसतो. त्यामुळे खरं काम टाकण्याच्या आधी होतं. साचा, पेटी, सळई, पटकथा, उपविधी, जे काही असेल ते आधी बरोबर असावं लागतं. कास्टिंग बिघडलं की दोष ओतणाऱ्याच्या माथी मारला जातो, पण बहुतेक वेळा चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

बीड: ओतलेलं लोखंड

आपल्याकडे धातूकाम करणाऱ्यांचे दोन रस्ते होते, घडीव आणि ओतीव. तांबट हातोड्याने ठोकून पत्रा घडवायचा, ओतारी रस करून साच्यात ओतायचा. घंटा ठोकून होत नाही, ती ओतावीच लागते. साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असं मिश्रण घेतलं की धातू ठिसूळ होतो पण खणखणीत वाजतो. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला अजून टांगलेल्या आहेत. त्या सगळ्या ओतीव.

ओतीव लोखंडाला मराठीत ‘बीड’ हा सुरेख शब्द आहे. घावन ज्यावर सुटतं तो बिडाचा तवा. कोकणात नुसतं ‘बिडं’ म्हटलं तरी कळतं. पोलादी तवा हातातून पडला तर वाकतो, बिडाचा पडला तर तुकडे होतात. तापलेल्या बिड्यावर गार पाणी ओतलं तरी ते तडकतं. याचं कारण कार्बन. साध्या पोलादात तो पाव टक्क्याच्या आसपास असतो, बिडात अडीच ते चार टक्के, आणि बहुतेक सगळा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटातल्या बारीक चिराच, म्हणून तो ठिसूळ. पण त्याच कार्बनमुळे बीड ११५० ते १२०० अंशांच्या दरम्यान वितळतं, पोलादाला १५०० च्या आसपास न्यावं लागतं. बिडाचा रस पातळ असतो, कानाकोपऱ्यात शिरतो, आणि थंड झालेला भाग कंप शोषून घेतो. म्हणूनच इंजिनाचा ब्लॉक, पंपाचं घर, लेथ मशीनचा बेड बिडाचा. किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर ओतायला घेतला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कृष्णाकाठचा हा सगळा पट्टा पुढे ओतकामाचा झाला.

आता एक भाग कसा ओततात ते पाहू. आधी लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न करतात, म्हणजे हव्या त्या भागाची हुबेहूब प्रतिकृती. हुबेहूब, पण थोडी मोठी. धातू थंड होताना आकसतो: बीड मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर, ॲल्युमिनियम १३, पोलाद २० च्या आसपास. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढा लांब आखलेला. बिडासाठी केलेल्या पॅटर्नवर पोलाद ओतलं तर भाग लहान निघतो. जिथे मशिनिंग होणार तिथे दोन-तीन मिलिमीटर जादा धातू ठेवायचा, आणि उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. उतार नसेल तर पॅटर्न बाहेर काढताना वाळूची कड सोबत येते.

मग वाळू. ‘ग्रीन सँड’ या नावातला हिरवेपणा रंगाचा नाही, ओलाव्याचा आहे. सिलिका वाळूत ६ ते १० टक्के बेंटोनाइट माती, ३ ते ४ टक्के पाणी आणि थोडी कोळशाची भुकटी. प्रयोगशाळेत तपासणी होते ती होतेच, पण जाणता मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, मूठ आवळून बघतो. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला पाहिजे, मधून मोडला तर कड स्वच्छ तुटली पाहिजे, आणि तळव्याला ओल लागता कामा नये. गोळा ढासळला तर पाणी कमी, तळवा ओला झाला तर जास्त. जास्त पाणी कमी पाण्यापेक्षा वाईट. १३५० ते १४०० अंशांचा रस ओल्या वाळूला लागला की पाण्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या निदान सतराशे पट जागा मागते. वाळूतून वाट मिळाली नाही तर ती रसात घुसते. भाग वरून चकचकीत दिसतो, मशीनवर दोन मिलिमीटर सोलला की आत गुळगुळीत पोकळ्या दिसतात. हेच ब्लो होल. म्हणून पेटीत पॅटर्नभोवती वाळू ठोकून झाल्यावर तारेने वाळूत बारीक भोकं पाडतात, पण साच्याच्या पोकळीपर्यंत पोचू न देता.

दोन पेट्या, वरची आणि खालची, खिळ्यांवर बरोबर बसल्या पाहिजेत. खिळे झिजले असतील तर भागाचा वरचा अर्धा खालच्यापेक्षा सरकलेला निघतो. आत पोकळ जागा हवी असेल तिथे वाळूचाच गाभा, म्हणजे कोअर, ठेवतात. रस हलका नसतो, तो कोअरला वर उचलतो, त्यामुळे कोअरला नीट आधार दिलेला नसेल तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ. वरच्या पेटीवर वजन ठेवतात तेही याच कारणाने. वजन विसरलं की पेटी उचलली जाते आणि सांध्यातून रस बाहेर येतो. हे धोकादायक आहे. ओल्या फरशीवर रस सांडला तर तो उडतो. म्हणून ओतण्याच्या जागेजवळ जमीन कोरडी आणि वाळूची ठेवायची.

नवशिक्याला सगळ्यात अवघड वाटतो तो रायझर. रस घट्ट होतो तेव्हा आकसतो, आणि ती तूट भरायला कुठून तरी रस यावा लागतो. रायझर म्हणजे त्या तुटीसाठी बाजूला भरून ठेवलेला साठा. नियम एकच: रायझर भागाच्या नंतर गोठला पाहिजे. तो आधी गोठला तर उलट भागातूनच रस ओढून घेतो. जिथे भिंती एकमेकींना मिळतात तिथे धातू जाड असतो, तो शेवटी थंड होतो आणि तिथेच खडबडीत, फाटल्यासारखी पोकळी पडते. ब्लो होल गुळगुळीत, आकसण्याची पोकळी खरखरीत. भिंगाने हा फरक पाहिला तरी अर्धं निदान झालं. पहिल्यात वाळू आणि हवेची वाट तपासायची, दुसऱ्यात रायझर.

रस थंड असेल तर दोन प्रवाह भेटूनही जुळत नाहीत, मध्ये रेघ राहते. तिला कोल्ड शट म्हणतात. लॅडल, म्हणजे रस न्यायचं भांडं, भट्टीपासून लांब नेत असाल, किंवा मध्ये चहाची सुट्टी झाली असेल, तर आधी तापमानच बघावं. आणखी एक गोष्ट वेळेवर अवलंबून आहे. ओतण्याआधी लॅडलमध्ये ०.२ ते ०.४ टक्के फेरोसिलिकॉन टाकतात, त्याने ग्रॅफाइट नीट तयार होतं. हा परिणाम दहाएक मिनिटांत ओसरतो. तेवढ्यात ओतलं नाही तर पातळ कडा पांढऱ्या, काचेसारख्या कडक होतात आणि ग्राहकाच्या कारखान्यात ड्रिल जळतो. तक्रार ‘माल कडक आला’ अशी येते, कारण असतं उशीर. रसात मॅग्नेशियम घालून शिल्लक ०.०३ ते ०.०५ टक्के राहील असं पाहिलं, तर ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात येतं आणि बीड ठिसूळ राहत नाही. क्रँकशाफ्ट आणि पाण्याचे मोठे पाइप या एसजी आयर्नचे. मॅग्नेशियमही तसंच उडून जातं, म्हणून तिथे घड्याळ आणखी कडक.

वाळूत ओतायची ही एक पद्धत, मेणाची दुसरी आणि फार जुनी. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशाच ओतलेल्या, भरीव, सगळ्यांचं वजन मिळून साठ किलोंहून जास्त. यात कारागिराचा एक साधा हिशेब असतो. मेण वजनाला हलकं, कांसं त्याच्या नऊ पटींहून थोडं जड. म्हणून मूर्ती आणि नळ्या मिळून मेण शंभर ग्रॅम भरलं तर धातू किलोभर तरी वितळवून ठेवायचा. कमी पडला तर मूर्ती अर्धी राहते आणि मेण तर गेलेलंच असतं. सोनार आज अंगठ्या याच रीतीने काढतात, मेणाच्या झाडाला पन्नास-शंभर अंगठ्या लावून.

खिळे

मराठी वाचकाचं ओतकामाशी आणखी एक नातं आहे, छापील अक्षराचं. एकेकाळी मराठी पुस्तकातलं प्रत्येक अक्षर धातूचं ओतलेलं असायचं. त्याला खिळा म्हणत आणि खिळे जुळवणाऱ्याला जुळारी. पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच तांब्यावर ठोकायचा, त्या खळग्यावर साचा लावून रस ओतायचा. रस शिशाचा, पण नुसत्या शिशाचा नाही: त्यात अँटिमनी आणि कथील. अँटिमनीमुळे खिळा कडक होतो आणि थंड होताना फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार येते. कथिलाने रस पातळ होतो. हे मिश्रण अडीचशे अंशांच्या आतबाहेर वितळतं, त्यामुळे झिजलेले खिळे परत भट्टीत टाकून नवे ओतता येत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक आधी या खिळ्यांचा होता, मग पुस्तकांचा. देवनागरीत जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात. रोमन लिपीची टाइप फाउंड्री काढणं त्यापुढे सोपं काम होतं.

खरं टाइप कास्टिंग ते हे. ‘टाइपकास्ट झालेला नट’ म्हणजे सतत एकाच साच्यातल्या भूमिका मिळणारा. आणि प्रोग्रॅमिंगमधलं टाइप कास्टिंग तिसरंच. तिन्हींत ‘टाइप’चा अर्थ वेगळा आहे, हे कुणी सांगत नाही म्हणून गोंधळ होतो.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याला एक जात ठरवून दिलेली असते: पूर्णांक किंवा दशांश. एका जातीतून दुसरीत घालणं म्हणजे कास्ट. सी भाषेत ७ ला २ ने भागलं आणि दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर ३ येतं, साडेतीन नाही. आधी ७ ला दशांशात कास्ट केलं तर ३.५. पण भागाकार करून मग कास्ट केलं तर ३.०, कारण अर्धा तोवर गळून गेलेला असतो. परीक्षेत आणि नोकरीतही याच क्रमाची चूक होते. दुसरी चूक पैशांची. ४.३५ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं तर संगणकाच्या आत उत्तर ४३५ पेक्षा केसभर कमी भरतं, कारण ४.३५ हा आकडा द्विमानात पूर्ण मावत नाही. ते पूर्णांकात कास्ट केलं की ४३४. कास्ट जवळच्या आकड्याकडे नेत नाही, दशांश छाटून टाकतं. पैशाचा हिशेब सुरुवातीपासून पैशांतच, पूर्णांकात ठेवावा. मोठी किंमत मोजलेलं उदाहरण म्हणजे ४ जून १९९६ चं एरियन-५ रॉकेट. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात घालायला गेले, तिथे ३२,७६७ च्या वर मावत नाही. आकडा त्याहून मोठा निघाला आणि उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेट नष्ट झालं.

स्लॅब

घर बांधणाऱ्या माणसाला या सगळ्यापेक्षा स्लॅबचं कास्टिंग जवळचं. धातू थंड होऊन घट्ट होतो. सिमेंटचं तसं नाही, ते वाळून घट्ट होत नाही; पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. हे एक वाक्य समजलं तर ‘स्लॅब वाळू दे, मग पाणी मारू’ असं कुणी म्हणणार नाही. वाळला तर क्रिया थांबली.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण पावणेबारा घनमीटर काँक्रीट. एम २० मिश्रणाला, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणात, घनमीटरमागे आठ गोण्या धरल्या तर नव्वद ते पंचाण्णव गोण्या. पन्नास किलोंच्या एका गोणीला पाणी २५ ते २७ लिटर, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच मोजायचं. कामगार जास्त पाणी घालतात कारण पातळ माल पसरायला सोपा. जादा पाणी क्रियेत भाग घेत नाही, पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. ताकद कमी होते ती तिथे.

माल यायच्या आधी सळईखाली कव्हर ब्लॉक बसलेत का बघा: स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०. खडीचे तुकडे टाकून भागवू देऊ नका. आणि बाल्कनी असेल तर तिथे स्वतः उभे राहा. साध्या स्लॅबला मुख्य सळई खालच्या बाजूला असते, बाहेर लोंबणाऱ्या बाल्कनीला वरच्या बाजूला, कारण तिथे वरचा भाग ताणला जातो. घमेली घेऊन माणसं त्या वरच्या सळईवरून चालतात, तिला खालून उचलून धरणारे सळईचे तुकडे, म्हणजे चेअर, कमी असतील तर सळई दबून खाली बसते. भरल्यावर काहीच दिसत नाही. सेंट्रिंग काढल्यावर बाल्कनी वाकते, किंवा पडते. चेअर पुरेशा लावा आणि चालायला फळ्या टाका.

व्हायब्रेटरची सुई उभी घालायची, दहाएक सेकंद ठेवायची, हळू काढायची, दीड फुटावर पुन्हा घालायची. सळईला टेकवायची नाही. हात आखडला तर खाली मधाच्या पोळ्यासारखी भोकं, फार वेळ ठेवली तर खडी तळाला आणि पाणी वर. काम मध्येच थांबलं, मिक्सर बंद पडला, आणि आधीचा माल धरू लागल्यावर नवा ओतला तर दोघांत सांधा राहतो. पावसाळ्यात गळती बऱ्याचदा तिथूनच. म्हणून कुठे थांबायचं ते सकाळीच ठरवायला हवं.

पाणी साध्या सिमेंटला किमान सात दिवस, हल्ली मिळणाऱ्या राख किंवा स्लॅगमिश्रित सिमेंटला किमान दहा, आणि कोरड्या उन्हाळ्यात चौदा. कडेने आळी करून पाणी साठवणं सगळ्यात खात्रीचं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांच्या आत, त्याहून मोठ्याचे चौदाच्या आत काढू नयेत. मिश्रित सिमेंट असेल तर त्याहून थांबावं लागतं.

प्लास्टर

दवाखान्यातलं प्लास्टर हे सिमेंटचं धाकटं भावंड. जिप्सम सुमारे दीडशे अंशांना भाजलं की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं. ती भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी परत मिळालं की ती पुन्हा दगड होते आणि होताना गरम होते. डच लष्करातले डॉक्टर मातेइसन यांनी १८५० च्या दशकाच्या आरंभी ती पट्टीत भरून हाडांसाठी वापरली.

ताज्या मोडलेल्या हाताला आधी पूर्ण गोल प्लास्टर घालत नाहीत. सूज यायची असते. एका बाजूने अर्धं प्लास्टर बांधतात, आणि त्यालाही डॉक्टर ‘स्लॅब’च म्हणतात. सूज उतरली की पूर्ण कास्ट. हात लावायला कडक झालेलं प्लास्टर आतून ओलंच असतं, पूर्ण सुकायला दोन ते तीन दिवस लागतात. तोवर त्यावर भार द्यायचा नाही आणि ते उशीत गुंडाळून ठेवायचं नाही, उष्णता कोंडते. खाज सुटली म्हणून सुई किंवा पट्टी आत घालू नका, आत जखम होऊन चिघळते आणि दिसत नाही. वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालल्या, बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा बोटं ताणल्यावर कळ असह्य झाली तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता असलं तरी दवाखाना गाठायचा, कारण काही तासांत स्नायू कायमचे जाऊ शकतात.

माणसांचं कास्टिंग

चित्रपटात ओतण्यासारखं काही नसतं, वाटून देण्याचं असतं. कास्टिंग डायरेक्टर आधी पटकथा फोडतो: कोणती पात्रं, वय, बोली, कोणासोबत किती प्रसंग, किती दिवस. मग ऑडिशन, त्यातून मोजकी नावं, लूक टेस्ट, दोन मुख्य पात्रांना एकत्र उभं करून बघणं, आणि शेवटी तारखा. तारखा जुळल्या नाहीत म्हणून बदललेल्या भूमिका अभिनय आवडला नाही म्हणून बदललेल्यांपेक्षा कमी नसतील. फाळक्यांना तर माणूसच मिळत नव्हतं. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) कुणी बाई तयार होईना, म्हणून तारामती केली अण्णा साळुंके या पुरुषाने. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

नव्या मुलामुलींसाठी एवढंच ठासून सांगायचं आहे: ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी फी, पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढा, ओळखपत्राचे इतके द्या, असं म्हणणारा कास्टिंगचा माणूस नाही. ऑडिशन दिवसा, कार्यालयात किंवा मोबाइलवर चित्रित करून पाठवायची असते. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जायचं नाही.

सभेतलं कास्टिंग व्होट म्हणजे समसमान मतं पडल्यावर पारडं झुकवणारं मत, मराठीत निर्णायक मत. ते दोन प्रकारे असतं. संसदेत आणि विधिमंडळात (संविधानाची कलमं १०० आणि १८९) सभापती किंवा अध्यक्ष पहिल्यांदा मत देतच नाहीत, बरोबरी झाली तरच देतात. अनेक संस्थांत मात्र अध्यक्ष सभासद म्हणून एक मत आधी देतात आणि बरोबरी झाल्यास दुसरं. आपल्या संस्थेत कोणता प्रकार आहे ते उपविधींत लिहिलेलं असतं. भांडण सुरू झाल्यावर शोधण्यापेक्षा आधी वाचलेलं बरं.

लिहिताना एक काळजी घ्यावी लागते. देवनागरीत ‘कास्ट’ लिहिलं की धातूचं कास्ट आणि जातीचं कास्ट सारखंच दिसतं. दुसरं पोर्तुगीज ‘कास्ता’तून आलं, अर्थ वंश, कूळ, फेकण्याशी त्याचा संबंध नाही. ‘कास्ट व्हॅलिडिटी’ म्हणजे जात पडताळणी. आणि कारखान्याच्या ऑफिसात ‘कास्टिंगचं कॉस्टिंग’ हा रोजचा शब्द आहे, तिथे एक अर्धचंद्र चुकला तर किलोचा भाव आणि किलोचा माल यांची अदलाबदल होते.

रेडिओचं ब्रॉडकास्टिंग शेतातून आलं, मुळात अर्थ बी फोकून पेरणं. तिफणीने ओळीत पेरतो ते नव्हे, मुठीने चहूकडे फेकतो ते. आपल्या ‘प्रक्षेपण’ शब्दातही फेकणारा ‘क्षिप्’ धातू आहे, म्हणून आकाशवाणीवर ‘सहक्षेपित’ ऐकू येतं.

आणि मूळचं, खरंखुरं फेकणं कोकणात खाडीच्या काठावर अजून दिसतं. पाग हे गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, मधून निघालेली दोरी मनगटाला बांधलेली. जाळ्याचा काही भाग खांद्यावर, काही हातात, कंबरेतून झोका घेऊन सोडायचं. हवेत ते ताटासारखं उघडलं तरच उपयोग, अर्धवट उघडलं तर पाण्यात दोरखंड पडल्यासारखं पडतं आणि मासे निसटतात. शिसं तळाला लागेपर्यंत थांबायचं. मग दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे गोळ्या तळावरून सरकत एकमेकींजवळ येतात आणि तोंड मिटतं. घाईने ओढलं तर कड तळापासून उचलली जाते आणि मासे खालून निघून जातात.